नावडतीचे मीठ अळणी

घरात कोणाची बदली परगावी झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न पगाराचा नसतो, "गाव कसे आहे?" हा असतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीच्या यजमानांची बदली कोलकात्यास झाली. त्या वेळी त्यांच्या ठाण्याच्या घरी जमलेल्या मंडळींपैकी जवळजवळ प्रत्येकापाशी त्या शहराविषयी ठाम मत तयार होते. तेथे गर्दी फार, घाण फार, पावसात रस्ते तुंबतात, उद्योगधंदे तर केव्हाच निघून गेले. मामींनी तर, "अगं, शहाणी माणसं तिथून बाहेर पडतायत आणि तुम्ही आत चालला आहात!" असे स्पष्टच सुनावले. गमतीची गोष्ट अशी की, जमलेल्यांपैकी कोलकाता प्रत्यक्ष पाहिलेले एकच गृहस्थ होते, आणि त्यांचाही मुक्काम हावडा स्टेशनच्या विश्रामगृहात एका रात्रीपुरता झाला होता.

राहण्यास अयोग्य शहरे कोणती, याविषयीची मते माणूस फार पूर्वीपासून देत आला आहे. आज तर अशा याद्या दरवर्षी छापल्या जातात. शांतता, आरोग्य, शिक्षण, संस्कृती आणि नागरी सोयी यांना गुण देऊन शहरांचे क्रमांक लावले जातात, आणि परदेशी पाठविलेल्या नोकरांना गैरसोयीचा भत्ता किती द्यावयाचा हे काही कंपन्या त्यावरून ठरवितात. या याद्या निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु एखाद्या गावाविषयीचे मत वाचताना ते कोणाचे, किती दिवसांच्या मुक्कामावर बेतलेले आणि तो मनुष्य तेथे कशासाठी गेला होता, एवढे तरी आपण विचारावयास हवे. या कसोटीसाठी कोलकात्याइतके उत्तम उदाहरण सापडणे कठीण. कारण गेली तीनशे वर्षे एवढ्या मोठमोठ्या लोकांकडून एवढी निंदा दुसऱ्या क्वचितच एखाद्या शहराच्या वाट्याला आली असेल.

निंदकांची परंपरा

ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नॉक २४ ऑगस्ट १६९० रोजी हुगळीकाठच्या सुतानुटी या गावी उतरला. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांची जमीनदारी कंपनीस १६९८ मध्ये मिळाली, आणि त्यांतून पुढे शहर वाढले. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश कप्तानाने आपल्या १७२७ च्या प्रवासग्रंथात चार्नॉकला दोष दिला आहे. साऱ्या नदीकाठी याहून रोगट जागा शोधूनही सापडली नसती, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. एका वर्षी ऑगस्टात तेथे सुमारे १२०० इंग्रज होते आणि जानेवारी उजाडण्यापूर्वी त्यांतील ४६० जणांच्या दफनाची नोंद झाली, असे तो सांगतो.

पुढे रॉबर्ट क्लाइव्हने कोलकात्यास जगातील अत्यंत दुराचारी स्थळांत गणले. अर्थात, ज्या लुटीमुळे ही कीर्ती झाली तिच्यातील फार मोठा वाटा खुद्द त्याच्याच खिशात गेला होता, हे विसरून चालणार नाही. आपल्या मुंबईत जन्मलेला रडयार्ड किपलिंग १८८८ मध्ये अलाहाबादच्या वर्तमानपत्रासाठी तेथे गेला आणि त्याने शहरातील दुर्गंधीवर पानेच्या पाने लिहिली. विन्स्टन चर्चिलने १८९६ मध्ये आईला लिहिलेल्या पत्रात, हे शहर पाहिले याचा आनंद एवढ्यासाठीच की आता ते पुन्हा पाहावे लागणार नाही, असा शेरा मारला. आणि १९८५ मध्ये तर आपल्याच देशाचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी कोलकात्याचे वर्णन 'मरणपंथाला लागलेले शहर' असे केले. तो घाव बंगाली माणूस अजून विसरलेला नाही.

या यादीत आपलाही थोडा हात आहे, हे मराठी वाचकांनी प्रांजळपणे मान्य करावे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली १७४२ मध्ये बंगालवर चालून गेल्या, तेव्हा कोलकातेकरांनी घाबरून शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो पुरा झालाच नाही, आणि मराठे तेथवर पोहोचलेही नाहीत. १७९९ मध्ये खंदक बुजवून त्यावर रस्ता बांधण्याचे काम सुरू झाले. आज आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या नावांनी ओळखले जाणारे रस्ते साधारणपणे त्याच मार्गाने जातात. बंगाली आया मात्र पुढे कित्येक पिढ्या 'बर्गी' येतील असे सांगून मुलांना निजवीत राहिल्या. तेव्हा ऐकीव मत किती काळ टिकते, याचा अनुभव आपणांस दुसऱ्या बाजूनेही आहे.

ज्यांना ते आवडले

सर्वच पाहुण्यांचे मत असे नव्हते. मिर्झा गालिब आपल्या निवृत्तिवेतनाचा तंटा घेऊन १८२८ मध्ये दिल्लीहून कोलकात्यास आले आणि सुमारे दीड वर्ष राहिले. निवृत्तिवेतनाचे काम झाले नाही, तेथील कविमंडळींशी वादही झाला. तरीही कोलकात्याची हिरवळ, तेथील नवेपणा आणि आंबे यांची आठवण ते पुढे आयुष्यभर काढीत राहिले.

आपल्यातील सखाराम गणेश देउस्कर यांचे उदाहरण तर विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. देवघर परिसरातील मराठी कुटुंबात १८६९ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी कोलकात्यास पत्रकारिता केली आणि १९०४ मध्ये 'देशेर कथा' हा बंगाली ग्रंथ लिहून परकीय राजवटीतील आर्थिक लूट आकडेवारीनिशी मांडली. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. ज्या शहरात बर्गींची धास्ती होती त्याच शहरात शिवाजी उत्सव सुरू करण्यात देउस्करांचा पुढाकार होता, आणि १९०६ च्या उत्सवास लोकमान्य टिळक स्वतः उपस्थित राहिले.

जर्मन लेखक ग्युंटर ग्रास यांची कथा या दोन्ही प्रकारांच्या मधली आहे. १९७५ च्या पहिल्या भेटीनंतर त्यांनी कोलकात्याविषयी अतिशय कडवट लिहिले. पण ते स्वस्थ बसू शकले नाहीत. १९८६ मध्ये ते पत्नीसह परत आले आणि काही महिने तेथे सामान्य माणसांसारखे राहिले. त्या मुक्कामावरील त्यांचे पुस्तकही गोडगोड नाही. परंतु त्यात तिरस्काराची जागा लाजेने घेतलेली दिसते. २००५ मध्ये ते पुन्हा आले. नावडत्या गावी तीनदा कोणी जात नाही.

दोष खरे, पण कारणे कोणती?

याचा अर्थ निंदकांनी सांगितलेले दोष खोटे होते, असा मुळीच नाही. हॅमिल्टनने सांगितलेली दफने खरी होती आणि किपलिंगची दुर्गंधीही खरी होती. प्रश्न कारणांचा आहे.

कोलकात्याची जमीन नदीकाठी उंच आणि पूर्वेकडे उतरती आहे. त्यामुळे शहराचे पाणी हुगळीत न जाता उलट दिशेस, खाऱ्या दलदलीकडे वाहते. हे ओळखून विल्यम क्लार्क या अभियंत्याने भुयारी गटारांची योजना आखली व ती १८७५ मध्ये पूर्ण झाली. त्याआधी काही वर्षे पलता येथून गाळलेले पाणी येऊ लागले होते. परंतु ही सोय शहराच्या एका भागापुरतीच. वस्त्यांतील लोक तळ्याचेच पाणी पीत, आणि अशाच एका तळ्याच्या पाण्यात रॉबर्ट कॉख यांना १८८४ मध्ये पटकीचे जंतू सापडले.

नंतरचे शतक तर संकटांचेच गेले. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली आणि खेड्यांतील भुकेली कुटुंबे कोलकात्याच्या पदपथांवर येऊन पडली. १९४६ ची दंगल, १९४७ ची फाळणी आणि सियालदह स्टेशनवर उतरलेले निर्वासितांचे लोंढे हे त्यापाठोपाठ आले. पुढे पोलादाचा भाव देशभर सारखा ठेवण्याच्या धोरणामुळे खाणींजवळ असण्याचा पूर्व भारताचा फायदा नाहीसा झाला. त्यात संप, टाळेबंदी आणि विजेची टंचाई यांची भर पडली. एवढे सोसलेल्या घराला आपण 'अव्यवस्थित' म्हणतो, तेव्हा थोडे थांबून बोलावे.

पटकीच्या गावाने दिलेले औषध

वाचकहो, या शहराच्या इतिहासातील एक धागा फारसा सांगितला जात नाही. पटकीसाठी बदनाम झालेल्या याच शहरात शंभुनाथ डे यांनी, पटकीचे जंतू आतड्यात विष सोडतात आणि त्यामुळे शरीरातील पाणी निघून जाते, हे प्रयोगाने सिद्ध करून १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात सीमेवरील बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे द्रव संपले, तेव्हा कोलकात्याहून गेलेल्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजविले. शेकडा ३० च्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्या आत आले. आज आपल्या घरी मुलाला जुलाब झाले की आई जे मीठ-साखरेचे पाणी देते, त्याच्या प्रसारामागे ही छावणी आहे.

गटारांचीही गोष्ट अशीच. पूर्वेकडच्या दलदलीत मच्छीमारांनी शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत साठवून मासे वाढविण्याची कला साधली. उन्हाने आणि शेवाळाने पाणी शुद्ध होते, शेवाळ व सूक्ष्म जीव मासे खातात, आणि तेच मासे शहराच्या बाजारात येतात. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने १९८० नंतर या व्यवस्थेचे महत्त्व जगापुढे मांडले. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने तेथील भराव रोखला आणि २००२ मध्ये १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांत गणला गेला.

दुसऱ्या एका गावाचा दाखला

अमेरिकेतील पिट्सबर्ग या पोलादनगरीस १८६८ मध्ये एका लेखकाने झाकण काढलेल्या नरकाची उपमा दिली होती, आणि धुरामुळे तेथे भरदुपारी दिवे लावावे लागत. त्याच पिट्सबर्गला १९८५ मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकी संदर्भग्रंथाने राहण्यास सर्वोत्तम शहराचा मान दिला. कोलकात्यास मरणपंथी म्हटले गेले तेच हे वर्ष. मधल्या काळात पिट्सबर्गने धुरावर निर्बंध घातले, नद्या स्वच्छ केल्या आणि विद्यापीठे व रुग्णालये वाढविली. पण त्याच सुमारास पोलादाचे कारखाने बंद पडून हजारो कामगार बेकारही झाले होते. म्हणजे चांगले गुण मिळालेल्या गावीही सर्वांचे बरे चालते असे नाही.

आज काय?

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी बहिणीकडे आठ दिवस राहून आले. तिच्या घराला जुन्या हिरव्या झडपांच्या खिडक्या आहेत. शेजारच्या वृद्ध मासीमांनी पहिल्याच आठवड्यात तिला बाजारातील विश्वासू मासेवाला, दवाखाना आणि वाचनालय अशा तीन गोष्टी दाखवून दिल्या होत्या. मुलीच्या शाळेत मराठी नाही. पण ती सहा महिन्यांत बंगाली वाचू लागली आणि आता आईच्या उच्चारांना हसते.

तरीही बहिणीची तक्रार आहेच. हिवाळ्यात हवा वाईट असते, जुनी घरे कोसळतात आणि शिकलेली मुले बंगळूर-पुण्याची वाट धरतात. जनगणनेतही हे दिसते. महानगरपालिकेच्या हद्दीतील वस्ती २००१ मध्ये ४५ लाख ७२ हजार होती, ती २०११ मध्ये ४४ लाख ९६ हजारांवर आली. उलट, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महानगरांपैकी सर्वांत कमी गुन्ह्यांची नोंद कोलकात्यात होती. लाख वस्तीमागे तेथे ८६.५ दखलपात्र गुन्हे, तर पुण्यात २८०.७. नोंद झालेले गुन्हे म्हणजे सर्व गुन्हे नव्हेत. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका सरकारी रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टर स्त्रीची हत्या झाली आणि सारे शहर रात्री रस्त्यावर उतरले, हेही विसरता येत नाही.

सर्वांत मोठी काळजी पाण्याची आहे. २३ सप्टेंबर २०२५ च्या पहाटेच्या मुसळधार पावसात शहर बुडाले आणि साचलेल्या पाण्यात विजेचा प्रवाह उतरून माणसे दगावली. पूर्वेकडची तळी बुजवून इमारती उभ्या करण्याचे प्रयत्न कायदा असूनही चालू आहेत. पाणी ज्या दिशेस उतरते तीच वाट बंद होत गेली, तर पुढच्या पिढीत कोलकाता खरोखरच राहण्यास अयोग्य ठरू शकेल. त्या वेळी दोष चार्नॉकच्या माथी मारता येणार नाही.

'हे शहर आता संपले' या मताचा धोका येथेच आहे. संपलेल्या शहराची गटारे कोण उपसणार आणि तळी कोण राखणार? पाहुण्याला मत देऊन निघून जाता येते. राहणाऱ्याला मात्र उद्या सकाळी त्याच नळाचे पाणी भरावयाचे असते.

आपल्या घरी बदलीचे पत्र येईल तेव्हा याद्या अवश्य पाहा. पण त्या गावी दहा वर्षे राहिलेल्या एखाद्या गृहिणीस चार ओळी लिहून पाणी, शाळा, दवाखाना आणि शेजार यांविषयीही विचारा. बहिणीच्या यजमानांस ठाण्यास परतण्याची संधी याच वर्षी चालून आली होती. मुलीची दहावी होईपर्यंत येथेच राहावयाचे, असे त्यांनी ठरविले आहे. मामींना हे अजून पटलेले नाही. मात्र येत्या पूजेला त्या कोलकात्यास जाणार आहेत, आणि तिकीट त्यांनी तीन आठवड्यांचे काढले आहे.