एकच पदवी, वेगवेगळे कल: कृषी पदवीधरांची देशोदेशींची तुलना कशी करायची?

आजचा विषय ऐकायला जड वाटेल, पण अमरावती-अकोल्यात तो घरोघरचा आहे. "पोराला ॲग्रीला टाकलं," असं आपण सहज म्हणतो. त्या पोराचा कल शेतीतल्या नेमक्या कोणत्या कामाकडे आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

आधी कल म्हणजे काय ते बघू. कल म्हणजे आवड, क्षमता नव्हे. अमेरिकेत एडवर्ड स्ट्राँग यांनी 1927 मध्ये व्यावसायिक आवडींची प्रश्नावली काढली. युक्ती साधी होती. एका व्यवसायातल्या लोकांची उत्तरं सर्वसाधारण लोकांपेक्षा कुठे वेगळी पडतात, ते शोधायचं. पुढे जॉन हॉलंड यांनी आवडींचे सहा गट मांडले: हाताने करायची कामं, शोध घेणं, कला, माणसांना मदत, पुढाकार घेऊन पटवणं-विकणं, आणि नोंदी-हिशेबासारखी पद्धतशीर कामं.

आता गंमत बघा. एकाच कृषी पदवीत हे जवळजवळ सगळे गट सापडतात. प्रयोगशाळेत बोंडअळीचा अभ्यास करणारा शोधक गटातला. वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत जाऊन शेतकऱ्याला समजावणारा मदतीच्या गटातला. बियाण्याच्या कंपनीचा प्रतिनिधी पटवण्याच्या गटातला. बँकेत कृषी अधिकारी झालेल्याला कागदाची शिस्त हवी.

मग देशोदेशींची तुलना कशी करायची? इथे तीन अडचणी आहेत.

पहिली मोजपट्टीची. जेम्स राउंड्स आणि टेरेन्स ट्रेसी यांनी 1996 मध्ये 18 देशांतली माहिती एकत्र तपासली. हॉलंड यांची सहा गटांची रचना अमेरिकेत जितकी चपखल बसते तितकी बाहेर बसत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे तिकडची प्रश्नावली नुसती भाषांतर करून इकडे वापरली, तर फरक माणसांतला की मोजपट्टीतला, हे कळणार नाही.

दुसरी अडचण प्रश्नाच्या अर्थाची. "तुम्हाला शेतात काम करायला आवडेल का?" या प्रश्नापुढे तिकडच्या मुलाला ट्रॅक्टर आणि मोकळी हवा दिसत असेल. आपल्या कोरडवाहू कपाशीवाल्याच्या पोराला बापाचं कर्ज दिसतं. तो "नाही" म्हणतो, तेव्हा तो कामाला नाही म्हणतो की कर्जाला?

तिसरी अडचण दाराची. व्यवसायात माणूस कोणत्या दारातून येतो त्याची. आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेच्या लँड ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली: शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छपराखाली. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 चं. पण साचा सारखा असला तरी दार वेगळं. आपल्याकडे प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, आणि पदवीनंतर बरेच जण एमपीएससीकडे किंवा बँकेच्या परीक्षेकडे वळतात. नेदरलँड्समध्ये सरकारी सल्लासेवेचं 1990 च्या दशकात खासगीकरण झालं. तिथे सल्लागाराला आपला सल्ला विकावा लागतो. आता आपल्याकडे पद्धतशीर कामाची आवड जास्त दिसली आणि तिकडे विकण्याची, तर त्यावरून "आपली माणसं कारकुनी वृत्तीची" असं म्हणायचं का? नाही. दाराने कुणाला आत घेतलं आणि पुढे कोणत्या कामाला पगार दिला, ते आधी बघायचं.

हे एवढं महत्त्वाचं का? 2017 मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी वावरात येऊन बोलणारा, ऐकून घेणारा माणूस लागतो. ती आवड असलेली मुलं आपल्या वर्गात असतीलही. आपण त्यांना ओळखत नाही, एवढंच.

करता काय येईल? शेवटच्या वर्षाला कृषीचे विद्यार्थी 'रावे' म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात जातात. जाण्याआधी एकदा आणि परत आल्यावर एकदा त्यांच्या आवडी विचारा, आणि त्याही इथल्या कामांची नावं घेऊन: माती परीक्षण, बांधावरची सभा, रोपवाटिका, पीक विम्याचे कागद. त्या उत्तरांवरून आपली मोजपट्टी आधी तयार होऊ द्या, मग दुसऱ्या देशाशी तुलना करू. आणि तोवर पालकांनी एवढंच करावं: पोराला "ॲग्री आवडते का?" असं न विचारता "ॲग्रीतलं काय आवडतं?" असं विचारावं.