पीसीएनए: डीएनएला वेढणारे प्रथिन

पीसीएनए हे मानवी पेशीचक्रातील प्रथिन २६१ अमिनो आम्लांचे असते. त्याचे तीन रेणू जुळून बांगडीसारखे कडे बनते. डीएनए या कड्यातून ओवला जातो आणि त्याची प्रत काढणारे पॉलिमरेज धाग्यावरून सुटत नाही. पेशीच्या एस टप्प्यात हे काम जोरात चालते. पी२१ हे प्रथिन कड्याला चिकटले की हे काम थांबते. पीसीएनएचा पहिला माग १९७८मध्ये लागला, तोही ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे, ही विलक्षण गोष्ट.

प्रयोगशाळेसाठी याचे मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून प्रथिन बनवून घेतात. जनुकाला हिस्टिडिनचे शेपूट जोडलेले असल्यास प्रथिन निकेलच्या स्तंभावर वेगळे काढता येते. त्याचे वजन सुमारे २९ किलोडाल्टन. जेलवर मात्र पट्टा ३६च्या आसपास दिसतो. नवख्या संशोधकाने हे आधीच जाणून घ्यावे. जिवाणूत युबिक्विटिन हे प्रथिन नसल्याने ते १६४व्या लायसिनला जोडले जाण्याचा बदल या पीसीएनएमध्ये नसतो. डीएनएच्या इजेवरील प्रयोगांत तो वेगळा घडवून आणावा लागतो. प्रथिन छोट्या भागांत उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात, कारण वारंवार गोठवल्या-वितळवल्याने ते बिघडू शकते.