त्यांचा पाऊस, आपला दुष्काळ

मुलांनो, 'मुसळधार पाऊस' हे शब्द तुम्ही किती सहज म्हणता! पण नुकतंच मराठी शिकू लागलेल्या एखाद्या इंग्रज मुलाची कल्पना करा. मुसळ म्हणजे काय हे त्याने शब्दकोशात पाहिलं, तर बिचारा डोक्यावर पाटी धरूनच घराबाहेर पडेल. आभाळातून मुसळं पडताहेत म्हणे!

'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे वाचून आपलीही अगदी तशीच गत होते. त्यात ना मांजर, ना कुत्रा. आहे तो नुसता धो धो पाऊस. 'गलिव्हर'वाले जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ सालच्या पुस्तकात हा वाक्प्रचार सापडतो, इतका तो जुना आहे. (बोलताना आता तो जरा जुनाटच वाटतो. साधं 'इट इज पोअरिंग' म्हणालात तर जास्त शोभेल, बरं का!)

शब्दाला शब्द लावून म्हणीचा अर्थ लागत नाही, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेलच. मग तो लावायचा कसा? आधी ती म्हण कुठल्या हवेत वाढली ते पाहायचं.

'सेव्ह फॉर अ रेनी डे' हीच घ्या. आमची सोनारी परंडा तालुक्यातली, भैरवनाथाच्या देवळाची आणि वानरांची. इकडे पावसाचा दिवस म्हणजे आनंदाचा दिवस! त्यामुळे 'रेनी डेसाठी पैसे साठवणे' म्हणजे सणासाठी साठवणे, असं इथल्या मुलाला वाटलं तर त्यात नवल ते काय? खरा अर्थ मात्र उलटा आहे : अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला टाकणे. गंमत म्हणजे लंडनला काही फार पाऊस पडत नाही. वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर. मुंबईला २००० च्याही वर पडतो. पण लंडनचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा पिरपिरत राहतो. उघड्यावर राबणाऱ्याचा त्या दिवशी खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी नाही. वाक्यात असं वापरा : 'माय ग्रँडमदर सेव्ह्ज मनी फॉर अ रेनी डे.'

आता 'इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स'. पाऊस आला की नुसता येत नाही, कोसळतोच. म्हणजे संकटं एकटी येत नाहीत. याच अर्थाची आपली म्हण कोणती? 'दुष्काळात तेरावा महिना'! साधारण तीन वर्षांनी आपल्या पंचांगात अधिक महिना येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, आठवतो ना? आधीच दुष्काळ, घरातलं धान्य संपत आलेलं, आणि त्यात वर्षच एका महिन्याने लांबलेलं! १९७२ चा दुष्काळ पाहिलेलं कुणी घरात असेल तर जरूर विचारा. खडी फोडायची कामं, सुकडी... ऐकलंत की ही म्हण पाठ करावी लागणार नाही.

एक लक्षात ठेवा. एकाच संकटाला ही इंग्रजी म्हण चालत नाही, दुसरं यावं लागतं. 'आय लॉस्ट माय बुक, अँड नाऊ माय सायकल इज पंक्चर्ड. इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स!'

'अंडर द वेदर' म्हणजे जरा बरं नसणे. हे बोलण्यातलं आहे, रजेच्या अर्जात लिहू नका.

काही वाक्प्रचार मात्र समुद्र ओलांडून आले आणि इथेच रमले. 'पेल्यातलं वादळ' आपण किती सहज म्हणतो! 'काळ्या ढगाची रुपेरी कडा' हीसुद्धा इंग्रजीतूनच आली. तिचं मूळ मिल्टन या कवीच्या १६३४ सालच्या एका नाटकात आहे.

आता तुम्हाला एक काम. आपला 'दुष्काळात तेरावा महिना' त्या इंग्रज मुलाला समजावून सांगा पाहू! नुसतं 'थर्टीन्थ मंथ' म्हणालात, तर एक महिना सुट्टी जास्त मिळाली म्हणून तो टाळ्याच वाजवेल.