घरची एस्प्रेसो आणि दळणाची पारख

जात्यावर दळणाऱ्या आपल्या पणज्यांना पीठ कसे उतरले हे कोणास विचारावे लागत नसे. चिमटीत धरून अंगठ्याने चोळताच ते भाकरीस योग्य आहे की अद्याप भरड आहे, हे त्यांस कळे. भरड वाटल्यास त्या वैरण थोडी थोडी घालीत, आणि वेळ आलीच तर जात्यास टाकी लावून घेत. पुढे गिरणी आली आणि ही पारख घरातून नाहीशी झाली. आज ती एका परदेशी पेयाच्या निमित्ताने काही घरांत परत येत आहे. ते पेय म्हणजे एस्प्रेसो कॉफी होय.

एस्प्रेसोचे जन्मस्थान इटली. तूरिन येथील आंजेलो मोरिओंदो ह्यांनी १८८४ साली वाफेच्या साहाय्याने कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझेरा ह्यांनी एकेक पेला स्वतंत्रपणे करून देणारे यंत्र सिद्ध केले. परंतु नुसत्या वाफेचा दाब बेताचाच असे. मिलानचेच आकिल्ले गाज्जा ह्यांनी १९३८ साली वाफेवाचून गरम पाणी दाबाने कॉफीतून पार करण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची दांड्याची यंत्रे प्रचारात आली. पेल्यावर जो सोनेरी फेस दिसतो, तो ह्या वाढलेल्या दाबाचे फळ आहे. आजच्या यंत्रात ९० ते ९६ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी वातावरणाच्या सुमारे नऊपट दाबाने, दाबून बसविलेल्या कॉफीच्या थरातून सुमारे अर्ध्या मिनिटात पार होते.

आता प्रश्न असा की, ह्या सर्वात दळणास एवढे महत्त्व का? ह्याचे उत्तर एका जुन्या नियमात आहे. फ्रान्समधील दीजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारे स्थापत्यविशारद आंरी दार्सी ह्यांनी वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने पाझरते ह्याचे प्रयोग करून १८५६ साली आपला नियम प्रसिद्ध केला. दाब वाढला तर प्रवाह वाढतो; थर जाड झाला तर तो मंदावतो; आणि थरातील वाट अरुंद असेल तर तो फारच मंदावतो. कॉफीचा थर म्हणजे वाळूचाच थर समजा. दाब यंत्राने ठरविलेला असतो, थराची जाडी कॉफीच्या वजनाने ठरते. मग आपल्या हाती मुख्यत्वे उरते ते दळण.

दळण बारीक केल्याने दुसरीही एक गोष्ट घडते. एक मिलिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस मिलिमीटर असते. त्याचे अर्धा मिलिमीटर बाजूचे आठ घन केले, तर पदार्थ तेवढाच राहूनही पृष्ठफळ १२ होते. म्हणजे पाण्यास कॉफी शोषून घेण्यास दुप्पट जागा मिळते. दाण्यातील आंबट द्रव्ये पाण्यात लवकर उतरतात. गोडवा आणि भरदारपणा त्यांच्या मागून येतो. कडू व तुरट अंश सर्वांत सावकाश येतात. म्हणून पाणी घाईने निघून गेले तर पेला आंबट व पातळ लागतो, आणि फार वेळ अडकून राहिले तर कडू लागतो. योग्य दळण ह्या दोहोंच्या मध्ये, मिठाहून बारीक पण मैद्याहून जाड, असे कोठेतरी असते.

मिक्सरच्या पात्याने हे साधत नाही. कारण पाते दाण्यांचे तुकडे करिते, दळीत नाही. त्यात धूळही असते आणि कण्याही असतात. उत्तम ग्राइंडरमध्ये जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणे पोलादाच्या दोन दातेरी चकत्या असतात, आणि त्यांमधील अंतर केसाच्या जाडीहूनही कमी फरकाने बदलता येते. जास्त किंमत मोजावयाची ती ह्या सूक्ष्मपणाची व स्थैर्याची होय. परंतु असे यंत्र योग्य दळण आपण होऊन शोधून देत नाही. ते आम्हांस कसे कळले, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमचे वडील नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी हौसेने असा एक ग्राइंडर घेतला. पहिला पेला अवघ्या १४ सेकंदांत भरला आणि चिंचेसारखा आंबट निघाला. दुसऱ्या दिवशी मी दळण बारीक केले. वडिलांनी मला न विचारता त्याच सकाळी कॉफीचे वजन वाढविले. पेल्यात थेंब थेंब काढा उतरला. मग मी दळण जाड केले, त्यांनी वजन कमी केले, आणि पुन्हा आंबट पाणी हाती आले. अशा रीतीने चिकमगळूरची पाव किलो कॉफी मोरीत गेली. अखेरीस वडील म्हणाले, “परत करू या हे यंत्र. माझ्या हातून व्हायचे नाही.” त्यांच्या स्वरात रागापेक्षा कष्टीपणा अधिक होता, एवढा खर्च करून आपण फसलो असे त्यांस वाटत होते.

माझी धाकटी बहीण तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आणि दादा एकाच वेळी दोन गोष्टी बदलता. मग कशाने काय झाले हे समजणार कसे? प्रयोगशाळेत आम्हांला असे करू देत नाहीत.” तिने आपली एक कोरी वही ओट्यावर आणून ठेविली आणि नियम घातला की, कॉफी १८ ग्रॅम, पेल्यात उतरणारे पेय ३६ ग्रॅम, दोन्ही काट्यावर तोलून, दाबण्याची रीतही एकच, बदलावयाचे ते फक्त दळण, आणि तेही एका वेळी एक खूण. वेळ व वजन ती लिही. चव सांगणे वडिलांकडे. पहिल्या दिवशी १९ सेकंद, आंबट. दुसऱ्या दिवशी २४ सेकंद, किंचित आंबट. तिसऱ्या दिवशी २९ सेकंद. वडिलांनी घोट घेतला, काही बोलले नाहीत, आणि पेला रिकामा केला. चौथ्या दिवशी मुद्दाम आणखी बारीक करून पाहिले: ४१ सेकंद, कडू. तेव्हा मागल्या खुणेवर परत आलो.

हा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. चकत्यांमध्ये आधीच्या दळणाचा थोडा अंश राहून जातो. म्हणून खूण बदलल्यावर प्रथम थोडे दाणे दळून ते बाजूस सारावे, नाहीतर जुन्या खुणेचा दोष नव्या खुणेस लागतो. विजेच्या ग्राइंडरची खूण बारकाईकडे नेताना यंत्र चालू असावे, म्हणजे चकत्यांत दाणे अडकत नाहीत. नुकत्याच भाजलेल्या दाण्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू निघत असतो; त्यांस आठवडाभर विसावा द्यावा. दळलेली कॉफी गाळणीत सारखी पसरून मगच दाबावी, कारण पाणी नेहमी सोपी वाट शोधते. ‘बारीक तितके उत्तम’ असेही मानू नये. २०२० साली ‘मॅटर’ नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, दळण फारच बारीक झाले म्हणजे थर जागोजागी तुंबतो, काही भाग कोरडाच राहिल्यासारखा होतो, आणि अर्क वाढण्याऐवजी घटतो.

पुढे एकदा कमी भाजलेले दाणे घरात आले. जुन्याच खुणेवर पेला १७ सेकंदांत भरला व पुन्हा आंबट लागला. मला वाटले, वडील आता परत निराश होणार. परंतु त्यांनी चष्मा लावला, वही उघडली आणि त्या पहिल्या आंबट दिवसांची पाने काढून पाहू लागले. ती फसलेल्या पेल्यांची पाने मी मागे एकदा फाडावयास निघालो होतो. बहिणीने फाडू दिली नव्हती. वडिलांनी दळण एक खूण बारीक केले, वजनास हात लाविला नाही, आणि तिला हाक मारून म्हणाले, “लिही, आजची तारीख घाल.”