नावाची राखण : युरोपातील तीन द्राक्षप्रदेश

युरोपातील द्राक्षप्रदेशांची कीर्ती जगभर पसरलेली आहे. सुगीच्या दिवसांत देशोदेशींचे प्रवासी तेथे जातात, मळ्यांच्या कडेने फिरतात, त्या त्या गावची वाइन चाखतात आणि तिच्या जोडीने तेथलेच चीज, तेथलाच पाव व तेथलीच फळे खातात. प्रवाशाच्या नजरेस डोंगरउतारावरील हिरवे मळे तेवढे पडतात. परंतु त्या मळ्यांच्या नावाला बाजारात जी किंमत येते, ती टिकविण्यासाठी शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना काय सोसावे लागले, हे सहसा दिसत नाही. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. एखाद्या प्रदेशाचे नाव हीच तेथील शेतकऱ्यांची सामायिक मालमत्ता कशी होते, ती कशी बुडते आणि पुन्हा कशी उभी राहते, हे या प्रदेशांच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते. द्राक्ष पिकविणाऱ्या महाराष्ट्राला ही माहिती उपयुक्त वाटेल.

डौरो नदीकाठचे दगडी खांब

पोर्तुगाल देशाच्या उत्तर भागात डौरो नदीचे खोरे आहे. येथील जमीन नावापुरतीच जमीन आहे. पाटीप्रमाणे थराथराने फुटणारा शिस्ट नावाचा खडक फोडून शेतकऱ्यांनी डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांचे मळे रचले आणि दगडी बांध घालून माती अडविली. खडकाच्या फटींतून वेलीची मुळे खोल जातात व कडक उन्हाळ्यातही ओल शोधून काढतात. पोर्ट या नावाने प्रसिद्ध असलेली गोड वाइन येथली. द्राक्षरस अर्धवट आंबला असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेला कडक मद्यार्क घालतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते आणि रसातील साखर शिल्लक राहते. पूर्वी ही पिंपे सपाट तळाच्या होड्यांतून नदीच्या मुखाशी असलेल्या पोर्तो शहराकडे जात. पुढे नदीवर धरणे झाली आणि ती वाहतूक संपली. आज प्रवासी नदीकाठच्या आगगाडीने या खोऱ्यात शिरतात. मळ्यांच्या कडेला ऑलिव्ह आणि बदामाची झाडे लावलेली आढळतात. जेवणात मक्याचा पाव, ऑलिव्ह, खारवलेला कॉड मासा आणि धुरावलेले मांस असते.

अठराव्या शतकाच्या मध्यास या मालाचे भाव कोसळले. मागणी वाढताच भेसळही वाढली होती. फिकट वाइनला रंग यावा म्हणून तिच्यात एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस मिसळला जात असे. अखेरीस १७५६ मध्ये, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याने या व्यापारावर देखरेख करण्यासाठी एक कंपनी स्थापन केली. पोर्ट वाइनसाठी द्राक्षे कोणत्या जमिनीतून यावीत हे ठरवून तिच्या हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवण्यात आले. या खांबांची संख्या पुढे तीनशेच्या वर गेली. खोऱ्यातील एल्डरची झुडपे उपटून टाकण्याचा हुकूमही सुटला. हद्द आणि नियम ठरवून दिलेल्या जगातील सर्वांत जुन्या द्राक्षप्रदेशांत डौरोची गणना होते. २००१ मध्ये युनेस्कोने या खोऱ्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

तथापि ही व्यवस्था निर्दोष होती असे नाही. व्यापाराची मक्तेदारी एकाच कंपनीच्या हाती गेल्यामुळे १७५७ मध्ये पोर्तो शहरात दंगा उसळला आणि सरकारने तो अत्यंत कठोरपणे मोडून काढला. हद्द आखणे आणि भेसळ थांबविणे ही कामे आवश्यक असली, तरी वरून लादलेल्या नियमापेक्षा उत्पादकांनी स्वतः मागितलेला व पाळलेला नियम अधिक टिकतो. याचे उदाहरण दीडशे वर्षांनंतर फ्रान्सच्या दक्षिण भागात घडले.

लांगदॉक : मुळांवरील कीड

भूमध्य समुद्रालगतचा लांगदॉक हा फ्रान्समधील विस्तीर्ण द्राक्षप्रदेश होय. १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला मिदी कालवा याच भागातून जातो आणि आज प्रवासी त्यावरून नावेने हिंडतात. कालव्याकाठच्या कास्तेलनोदारी गावात पांढरा घेवडा आणि मांस मातीच्या भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजवितात. या पदार्थाला कासुले म्हणतात. समुद्राकाठच्या खाडीत कालवे पोसली जातात व ती तेथल्याच हलक्या पांढऱ्या वाइनबरोबर खातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडी आली, पॅरिसची बाजारपेठ जवळ आली आणि शेतकऱ्यांनी धान्याची जमीनही द्राक्षाखाली आणली. सारा प्रदेश एकाच पिकावर विसंबून राहिला.

अशा वेळी १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील काही मळ्यांतील वेली कारण न कळता वाळू लागल्या. १८६८ मध्ये माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेलींची मुळे उकरून पाहिली, तेव्हा त्यांवर डोळ्यांना जेमतेम दिसणारे पिवळसर कीटक आढळले. ही कीड अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर आली होती. तिला फायलोक्सेरा असे नाव आहे. ती मुळांतील रस शोषते, मुळांवर गाठी येतात, मुळे कुजतात आणि वेल मरते. उपाय सुचविणाऱ्यास फ्रेंच सरकारने तीन लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. ते कोणालाच मिळाले नाही. कोणी मळ्यांत पाणी तुंबवून ठेवले, कोणी जमिनीत औषध टोचले. फ्रान्समधील वाइनचे उत्पादन १८७५ मध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर होते. १८८९ मध्ये ते २३५ कोटी लिटरांपर्यंत घसरले.

शेवटी उपाय सापडला तो कलमात. अमेरिकेतील रानवेली या किडीबरोबरच वाढलेल्या असल्यामुळे तिला दाद देत नाहीत. त्यांच्या खुंटावर युरोपातील वाणांची कलमे बांधण्यात आली. टेक्सासमधील द्राक्षतज्ज्ञ मन्सन यांनी रानवेलींचे खुंट निवडून फ्रान्सला पाठविले आणि १८८८ मध्ये फ्रेंच सरकारने त्यांचा सन्मान केला. आज युरोपातील बहुतेक मळे अशा खुंटांवरच उभे आहेत.

१९०७ चा लढा

वेली सावरल्या, पण बाजार सावरला नाही. मालाच्या तुटवड्याच्या काळात व्यापाऱ्यांना एक वाईट सवय लागली होती. आयात केलेले बेदाणे पाण्यात भिजवून, अथवा द्राक्षाच्या चोथ्यात साखर व पाणी घालून ते वाइन तयार करीत आणि ती खरी म्हणून विकीत. त्यातच अल्जीरियातून माल येऊ लागला व नवे मळेही भरघोस पिकू लागले. भाव इतके उतरले की उत्पादनाचा खर्चही निघेना.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए या लहानशा गावातील मार्सेलँ आल्बेर नावाच्या द्राक्ष बागायतदाराने ८७ शेतकऱ्यांसह नार्बोन शहराकडे मोर्चा नेला. त्यानंतर दर रविवारी निरनिराळ्या शहरांत सभा होत गेल्या. ९ जून रोजी माँपेलिए येथे जमलेल्या समुदायाचा अंदाज पाच लाखांहून अधिक केला जातो. पुढे सरकारने सैन्य धाडले. नार्बोन येथे गोळीबार होऊन माणसे दगावली. याच प्रदेशातील तरुणांचा भरणा असलेल्या सतराव्या पायदळ पलटणीने बंड केले.

एवढ्या मोठ्या चळवळीची मुख्य मागणी अगदी साधी होती : खरा माल खरा म्हणून विकला जावा. २९ जून १९०७ रोजी कायदा झाला. प्रत्येक उत्पादकाने आपल्या पिकाचा आकडा गावच्या कचेरीत नोंदविणे आवश्यक ठरले आणि साखरेच्या वापरावर बंधने आली. त्याच वर्षी उत्पादकांनी आपला महासंघ स्थापन केला. भेसळ हुडकून काढण्याचे काम या महासंघाने स्वतःच अंगावर घेतले.

याच प्रदेशातील मारोसाँ गावच्या लहान शेतकऱ्यांनी १९०१ मध्येच सहकारी संस्था काढली होती. पुढे त्यांनी सामायिक तळघर बांधले आणि पॅरिसमधील ग्राहक संस्थांना परस्पर माल पुरविला. एकट्या शेतकऱ्याला पिंपे, यंत्रे व साठवणुकीची जागा परवडत नाही, म्हणून तो सुगीतच मिळेल त्या भावाने माल देऊन टाकतो. सामायिक तळघरामुळे त्याला थांबता येऊ लागले. पुढील तीन-चार दशकांत अशी शेकडो तळघरे फ्रान्सभर उभी राहिली.

नावाच्या संरक्षणाचा कायदाही यानंतर पक्का होत गेला. लांगदॉकच्या उत्तरेस रोकफोर नावाचे गाव आहे. तेथे मेंढीच्या दुधाचे चीज डोंगराच्या नैसर्गिक गुहांत मुरवितात. खडकाच्या भेगांतून येणाऱ्या गार व दमट हवेमुळे त्यावर विशिष्ट निळी बुरशी वाढते. हे नाव इतरांनी वापरू नये म्हणून १९२५ मध्ये खास कायदा झाला. १९३५ मध्ये वाइनसाठी राष्ट्रीय व्यवस्था निर्माण झाली. जमिनीची हद्द, वाण, हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादा आणि तयार करण्याची रीत हे सर्व तिच्या नियमांत येते. नाव वापरायचे असेल, तर अधिक पिकविण्याचा मोह आवरावा लागतो.

व्हिएन्ना : दारावरची हिरवी फांदी

नाव राखले तरी माल शेतकऱ्याच्या दारातून कवडीमोलाने गेला, तर त्याचा लाभ मधल्यांनाच होतो. यावर ऑस्ट्रियात जुना तोडगा आहे. १७ ऑगस्ट १७८४ रोजी सम्राट दुसरा जोसेफ याने आज्ञा काढून, शेतकऱ्याला आपल्या घरी पिकलेले अन्न, वाइन व फळांचा रस स्वतःच्या दारात विकण्याची मुभा दिली. आजही व्हिएन्ना शहराच्या हद्दीत सुमारे ६०० हेक्टरांवर द्राक्षमळे आहेत. प्रवासी ट्रामने ग्रिन्त्सिंग किंवा नुसडॉर्फ या भागांत जातो. ज्या घराच्या दारावर हिरवी फांदी टांगलेली असेल, तेथे त्या दिवशी विक्री चालू आहे असे समजतो आणि अंगणातील लाकडी बाकावर बसतो. पुढ्यात येते ते थंड भाजलेले मांस, काळा पाव, लोणच्याच्या काकड्या आणि लाल तिखट घालून फेटलेले दह्याच्या चक्क्यासारखे मऊ चीज. मुख्य म्हणजे बसणाऱ्याला मळा समोर दिसतो आणि तो पिकविणारा माणूसही भेटतो.

या शहराच्या मळ्यांत आणखी एक जुनी रीत आहे. एकाच तुकड्यात अनेक वाण मिसळून लावतात, एकदम तोडतात आणि एकत्रच गाळतात. एखाद्या वाणाचा मोहोर थंडीने गेला, तरी दुसरा हाती लागतो.

परंतु याच देशाने १९८५ मध्ये फार मोठा धडा घेतला. काही उत्पादकांनी व व्यापाऱ्यांनी वाइन गोड आणि दाट लागावी म्हणून तिच्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. अपराध मोजक्यांचा होता. शिक्षा मात्र साऱ्या देशाला झाली. परदेशांनी माल परत पाठविला, निर्यात कोसळली आणि प्रामाणिक शेतकऱ्याचे पिंपही संशयित ठरले. त्याच वर्षी ऑस्ट्रियाने अत्यंत कडक कायदा केला. गेलेला विश्वास परत मिळविण्यास मात्र कित्येक वर्षे लागली.

महाराष्ट्रासाठी बोध

हा अनुभव महाराष्ट्राला परका नाही. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यामुळे युरोपात माल अडकला आणि निर्यातदार व बागायतदार यांना जबर फटका बसला. निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी, फवारणीची वही आणि उर्वरित अंशाची तपासणी यांना कागदी कटकट समजणाऱ्यांनी लांगदॉक व ऑस्ट्रियाचा इतिहास ध्यानी घ्यावा. लांगदॉकच्या शेतकऱ्यांनी अशी नोंद मिळविण्यासाठी रस्त्यावर येऊन प्राण वेचले.

मुळांच्या बाबतीतही नाते जवळचे आहे. क्षार व पाण्याचा ताण सोसण्यासाठी नाशिक, सांगली, सोलापूर भागांत वापरला जाणारा डॉगरिज खुंट मूळचा टेक्सासमधील रानवेलींतून निवडलेला आहे. मात्र परदेशातील रीत जशीच्या तशी उचलू नये. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. खुंट, वाण व छाटणी यांबाबत मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहाव्यात.

नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन आणि सांगलीचा बेदाणा यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. म्हणजे दगडी खांब रोवले गेले आहेत आणि दारावर फांदी टांगण्याची सोयही झाली आहे. द्राक्षबाग पाहण्यास आलेल्या पाहुण्याला त्याच शेतातील द्राक्षे, घरचा बेदाणा, ज्वारीची भाकरी आणि हुरडा देता येईल. अशा पंक्तीत वाइन असलीच पाहिजे असे नाही. पुढ्यात येणारा प्रत्येक पदार्थ त्याच गावचा असावा, हे महत्त्वाचे.

ग्रामकार्यकर्त्यांनी या दृष्टीने तीन गोष्टी गावोगाव समजावून सांगाव्यात. मानांकन मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे. बाहेरचा माल आपल्या गावच्या नावाच्या पेटीत भरला जात असेल, तर उत्पादकांच्या संघाने तो स्वतःच थांबवावा. साठवणूक, शीतगृह व विक्री यांसाठी लहान बागायतदारांनी एकत्र यावे. जमीन प्रत्येकाची वेगळी असली, तरी गावाचे नाव सर्वांचे मिळून एकच असते आणि ते राखण्याचे कामही सर्वांनी मिळूनच करावयाचे असते.