आधीं खुंटी, मग सूर

तंबोऱ्याची खुंटी सैल असली म्हणजे जुळविणाराचा कान कितीहि तयार असो, सूर टिकत नाहीं. जाणता गवई अशा वेळीं तार पिळीत बसत नाहीं. खुंटी काढून तिला खडू लावतो, ती घट्ट बसवितो व मगच सुराकडे वळतो. हौशी बिनतारी मंडळींच्या संग्रहीं असलेलीं जुनीं यंत्रें दुरुस्त करतांना हाच क्रम पाळावा लागतो. तो न पाळल्यामुळें कित्येक चांगलीं यंत्रें वयानें नव्हे, तर उतावळ्या हातांनीं निकामी होतात.

हौशी बिनतारी म्हणजे सरकारी परीक्षा देऊन व परवाना घेऊन, पैशाच्या लोभाविना, दूरदूरच्या समानधर्मी माणसांशीं बोलण्याचा छंद. या छंदांत १९७० नंतरच्या दशकांत जपानच्या याएसू कंपनीचें ‘एफ. टी. १०१’ हें यंत्र फार गाजलें. संदेश धाडणें व ऐकणें हीं दोन्ही कामें तें एकाच पेटींत करी. शेवटच्या टप्प्यांतले तीन व्हॉल्व्ह सोडले तर आंत बहुतेक सारे ट्रान्झिस्टर. हल्लींच्या यंत्रांत कंपनसंख्या स्फटिकाच्या आधारानें पक्की बांधलेली असते. या पेटींत ती ठरविण्याचें काम तारेचें एक वेटोळें व एक फिरता कंडेन्सर यांच्या जोडीकडे आहे. हाच तो आंदोलक; हौशी लोक त्याला व्ही. एफ. ओ. म्हणतात. डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरविली कीं त्याची कंपनसंख्या ८७०० व ९२०० किलोहर्ट्झ यांच्या दरम्यान सरकते.

हें काम किती नाजूक आहे तें थोड्या हिशेबावरून कळेल. धारकता ज्या प्रमाणांत वाढेल, त्याच्या निम्म्या प्रमाणांत कंपनसंख्या उतरते. एकूण धारकता १०० पिकोफॅरड धरली, तर तींत एका पिकोफॅरडच्या सुमारें साडेचारशेंव्या हिश्शाइतका फरक पडतांच ९००० किलोहर्ट्झची कंपनसंख्या १०० हर्ट्झनें ढळते. एस. एस. बी. पद्धतीच्या भाषणांत एवढा फरक कानाला जाणवूं लागतो. तो ३०० हर्ट्झ झाला कीं ओळखीच्या माणसाचा आवाजहि परका वाटतो. शिवाय भारतांत ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ हा पट्टा हौशी लोकांस मोकळा आहे. त्याच्या कडेला बसून बोलणाराची कंपनसंख्या नकळत बाहेर सरकली, तर परवान्याचा भंग होतो. म्हणून हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नव्हे.

प्रथम रोगाचें निदान करावें. यंत्र रात्रभर थंड ठेवून, झांकण न काढतां, सुरू करावें आणि कंपनमापकावरील आंकडा दर पांच मिनिटांनीं तासभर वहींत लिहावा. आंकडा एकाच दिशेनें सरकून हळूहळू स्थिरावत असेल, तर कारण उष्णता होय. तो मधूनच उडी मारीत असेल, तर कोठेंतरी स्पर्श सैल आहे किंवा एखादा अभ्रकाचा कंडेन्सर बिघडला आहे. बोलावयास बटण दाबतांच तो हलत असेल, तर आंदोलकाला मिळणारा विद्युद्दाब ढळतो असें समजावें. हीं तीन दुखणीं वेगळीं, व त्यांचे उपायहि वेगळे.

त्यांत यांत्रिक दोष आधीं काढावेत. फिरत्या कंडेन्सरच्या आंसाला टेकणाऱ्या पितळी पट्ट्या मळतात व जुनें ग्रीस वाळून घट्ट होतें. थोड्या स्पर्श-शोधक द्रावणानें त्या साफ कराव्या, आंदोलकाच्या पेटीचे स्क्रू आवळावे, शंकास्पद डाख पुन्हां द्यावे. पुष्कळदां रोग एवढ्यानेंच जातो. नंतर विद्युद्दाब मोजावा. तो स्थिर राखणारा झेनर डायोड थकला असल्यास बदलावा.

यानंतरहि उष्णतेचा ढळ उरला तरच त्याची भरपाई करावी. तापल्यावर वेटोळें किंचित् प्रसरण पावतें आणि कंपनसंख्या बहुधा उतरते. उलट, ‘एन ७५०’ जातीच्या कंडेन्सरची धारकता दर अंशास दशलक्षांत ७५० भाग घटते. एकूण २०० पिकोफॅरडपैकीं १० पिकोफॅरड या जातीचे असले, तर ९००० किलोहर्ट्झवर ते एकटेच दर अंशास सुमारें १७० हर्ट्झ वर ओढतात. औषध जालीम असल्यामुळें मात्रा एक-दोन पिकोफॅरडपासूनच सुरू करावी. जितकें नवें घालावें तितकेंच उष्णतेनें न बदलणारें जुनें काढावें, आणि डाख दिल्यावर सर्व पूर्ण निवल्याशिवाय आंकडा पाहूं नये.

आतां कोठें डायल जुळविण्याची पाळी येते. यंत्रांतील १०० किलोहर्ट्झच्या स्फटिक-खुणा आधीं १०,००० किलोहर्ट्झवरील प्रमाण केंद्राशीं ताडून घ्याव्या, अमेरिकेचें डब्ल्यू. डब्ल्यू. व्ही. व चीनचें बी. पी. एम. हीं अशीं केंद्रें आहेत. दोहोंच्या मिश्रणांतून निघणारी शीळ उतरत उतरत नाहींशी झाली कीं खूण बरोबर. मग जेथें आंदोलकाची कंपनसंख्या सर्वांत कमी, त्या टोकाला वेटोळ्याचा गाभा फिरवावा. जेथें ती सर्वांत जास्त, तेथें छोटा जुळणी-कंडेन्सर फिरवावा. एकाच्या फिरविण्यानें दुसरें बिघडतें, म्हणून दोन्ही टोकें आळीपाळीनें चार-पांच वेळां करावीं. पेचकस धातूचा नसावा. गाभा मेणानें किंवा लाखेनें चिकटला असल्यास जबरदस्ती करूं नये. तो फुटला तर तसाच दुसरा मिळणें कठीण.

एवढें करूनहि समाधान न झाल्यास आणखी एक युक्ति आहे. डच हौशी क्लास स्पारगारेन यांनीं १९७३ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यांचें मंडल आंदोलकाची कंपनसंख्या थोड्या थोड्या वेळानें मोजून ती ढळतांच हलकेच वर किंवा खालीं ढकलतें. इंग्रजींत तिला ‘हफ अँड पफ’ असें गमतीचें नांव पडलें आहे. परंतु ती मंद सरकण्यालाच आवरते, उड्यांना नव्हे. म्हणून सैल स्पर्शाचें दुखणें तिच्या आड लपवूं नये.

घरांत मुलें असतील तर आणखी एक दक्षता अवश्य घ्यावी. या पेटींत सुमारें ६०० व्होल्टचा दाब असतो, व वीज बंद केल्यावरहि मोठ्या कंडेन्सरांत तो कांहीं वेळ टिकून राहतो. उघडी पेटी टेबलावर सोडून कोणीं उठूं नये. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद, जुन्या भागासह, एका पाकिटांत घालून यंत्राजवळ ठेवावी. पुढें तें ज्याच्या हातीं जाईल, त्याला तीच नोंद उपयोगी पडेल.