डग्गा, बेस आणि पाच स्लायडर

गाझियाबादच्या वैशालीत राहायला आलो ते 2012 साली. मेट्रो येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दिवसा नोएडात नोकरी आणि रात्री स्वतःचा म्यूझिक प्लेअर लिहायचा नाद. प्लेअरला इक्वलायझर हवाच होता, कारण गाझियाबादेत माणूस गाणं लावायच्या आधी बेस वाढवतो.

अँड्रॉइडमध्ये इक्वलायझर आयता मिळू लागला तो 2.3 या आवृत्तीपासून, 2010 च्या अखेरीस. फोनला बँड किती ते विचारायचं, दर बँडला एक स्लायडर द्यायचा, झालं काम. पहिल्याच रात्री पहिल्या स्लायडरखाली आकडा उमटला: 60000 हर्ट्झ. माणसाचा कान फार तर 20000 पर्यंत जातो. हा आकडा वटवाघळांच्या कामाचा. घोळ माझाच होता. फोन मिलिहर्ट्झमध्ये उत्तर देत होता आणि मी ते न वाचताच छापत होतो. पातळीही मिलिबेलमध्ये, म्हणजे 1500 लिहिलं की 15 डेसिबल.

हजाराने भागल्यावर पाच बँड नीट दिसले: 60, 230, 910, 3600, 14000. हे आकडे मला बरेच दिवस कुणीतरी डोळे मिटून टाकल्यासारखे वाटत. एकदा तंबोऱ्याची क्लिप ऐकत बसलो असताना सहज भागाकार करून पाहिला. पुढचा प्रत्येक आकडा मागच्याच्या साधारण चौपट. दुप्पट म्हणजे एक सप्तक, चौपट म्हणजे दोन. फोन कानाच्याच हिशेबाने दोन-दोन सप्तकांच्या ढांगा टाकत होता, आणि शाळेत पेटी शिकलेल्या मला ते कळायला महिने लागले.

तोवर पाच ही संख्या मी पक्की धरली होती. बँडच्या नावांची यादी पाचाची, फिरणारं लूप मात्र फोन सांगेल तेवढ्या बँडचं. ऑफिसातल्या एकाच्या फोनने सहा सांगितले आणि ॲप उघडताक्षणी कोसळलं.

खरी गंमत श्रावणात. इकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो, आणि हरिद्वारहून कावडी येऊ लागल्या की डीजेच्या गाड्यांनी खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्या दिवसांत पाचही स्लायडर वर चढवलेले फोन माझ्याकडे यायचे, ‘आवाज फटता है’ म्हणून. फाटणारच. 15 डेसिबल म्हणजे लहर साडेपाच पटींहून उंच. मूळ गाणंच जिथे कमाल उंचीला टेकलेलं, तिथे शेंडे छाटले जातात. शेवटी मी सर्वांत वर चढवलेला बँड जितका वर, तितका एकूण आवाज गुपचूप खाली आणायला लागलो. ‘आता आवाज कमी झाला’ ही तक्रार त्यानंतरची. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून 60 हर्ट्झ जवळपास निघतच नाही, हे मात्र कुणालाच पटवता आलं नाही.

2018 मध्ये अँड्रॉइड 9 आलं आणि बँड किती, कुठे, हे ठरवायची मुभा मिळाली. पण लोकांचे फोन जुनेच. मग रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांची प्रसिद्ध सूत्रं घेऊन दहा फिल्टर स्वतः लिहिले. एका फिल्टरला दर नमुन्यामागे पाच गुणाकार, सेकंदाला 44100 नमुने, डावा-उजवा धरून दहा बँडचे 44 लाखांवर गुणाकार. फोनला ते जड गेले नाहीत. जड गेली ती स्लायडर सरकवताना येणारी कटकट. बोट हललं की फिल्टरचे आकडे एकदम उडी मारत. ती उडी काही मिलिसेकंदांत पसरवली तेव्हा कटकट थांबली.

त्या दहा बँडवर मी एक प्रीसेट हौसेने बसवलं: खर्जाकडचे दोन जरा वर, 250 चा थोडा खाली, म्हणजे तबल्याचा घुमारा येतो पण गढूळ होत नाही. नाव दिलं ‘डग्गा’. इकडे त्याला बायाँ म्हणतात हे विसरलो होतो. शेजारच्या मुलाने नाव वाचलं आणि खो-खो हसत विचारलं, ‘अंकल, ये डग्गामार बस वाला है क्या?’ परवान्याशिवाय सवाऱ्या कोंबून नेणाऱ्या गाड्यांना इथे डग्गामार म्हणतात. त्याने ते लावून पाहिलं, आणि बेस आणखी दोन घरं वर चढवला.